मळ्यातली जुनी पेट्रोल जीप: मूळ रूपात आणावी, की डिझेल इंजिन टाकून चालती करावी?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमचा द्राक्षाचा मळा आहे, मी नोकरीला नाशकात. आजोबांनी १९७२ साली घेतलेली महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोल, मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये १८ वर्षं उभी आहे. आजोबा २०११ मध्ये गेले. तेव्हापासून तिच्यावर रिकामे क्रेट रचले जात होते, म्हणून जीप दिसायचीही बंद झाली होती. गेल्या आठवड्यात ते सगळे क्रेट उतरवले. चारही टायर बसलेत, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा हात लावला की कुरकुरतो, इंजिन जाम आहे. पण काच, बॉनेट, स्टिअरिंग, पुढची जाळी सगळं जागेवर.

वडील म्हणतात भंगारात देऊन टाक. भंगारवाला येऊन वजनाचा अंदाजही बांधून गेला. माझ्याच्यानं देववत नाही. गिअर टाकायला मी याच जीपवर शिकले, आजोबांच्या मांडीवर बसून.

एक ओळखीचा मिस्त्री म्हणतो, पेट्रोल इंजिन काढून एमएम ५४० चं, म्हणजे महिंद्राच्याच नंतरच्या जीपचं, डिझेल बसवू, मोठे टायर टाकू, सव्वादोन लाखांत तयार. दुसरीकडे सिन्नरला एक चालू एमएम ५४० विकायला आहे. मला रोज वापरायची नाही. पावसाळ्यात हरसूल, पेठ, अंजनेरीच्या बाजूला भटकायची हौस आहे. काय करावं?

सातपूरकर

फोटो टाका भाऊ! आणि फोटो येईपर्यंत भंगारवाल्याला शेडच्या आसपास फिरकू देऊ नका.

द्राक्षवेल

भाऊ नाही, ताई :) फोटो रविवारी टाकते.

तेरा_चौदाचा_पाना

ताई, एक गोष्ट आधी ऐका. ट्रॅक्टरला दोर बांधून, गिअरमध्ये टाकून ओढायचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नका. मळ्यावर चार जण जमले की हा सल्ला येतोच. १८ वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असतात. ओढलं की रिंग तुटते, पिस्टनची धार जाते, नशीब फारच वाईट असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सुटण्यासारखं असलेलं इंजिन अशानं खरोखर भंगार होतं.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल आणि डिझेल निम्मं निम्मं ओता, अर्धा कप पुरे. आठ-दहा दिवस तसंच ठेवा, मधे एकदा परत भरा. मग गाडी न्यूट्रलला ठेवून पुढच्या हँडलनं हलकेच डुलवून बघा. जोर लावायचा नाही. एक सूत हललं तरी काम झालं म्हणायचं, मग रोज थोडं थोडं. प्लग काढलेले असताना दाब तयार होत नाही, त्यामुळे हँडल उलटं मारण्याची भीती नाही. पुढे कधी चालू करताना हँडल माराल, तेव्हा अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याला वेढा घालून नाही. अंगठा मोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

इंजिनाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे काय काढायला निघालात ते कळेल. हे मूळ जीप बनवणाऱ्या अमेरिकेच्या विलीज कंपनीचं हरिकेन इंजिन, २१९९ सीसी. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. याला एफ-हेड म्हणतात. त्याच्या आधीच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचे सगळे व्हॉल्व्ह खालीच होते. वरच्या व्हॉल्व्हमुळे इंजिन उंच झालं, ते मावायला बॉनेट उंच करावं लागलं, म्हणून सीजे-३बी समोरून अशी कपाळ मोठं असल्यासारखी दिसते. बोअर (सिलिंडरची रुंदी) लहान, स्ट्रोक (पिस्टनची धाव) लांब. त्यामुळे पळत नाही, पण कमी फेऱ्यांवर जो रेटा देते तो चिखलात, चढावर कामाला येतो. तुम्हाला हरसूलच्या बाजूला जायचंय ना? तिकडे रेटाच लागतो.

रानवाट

पाना काकांबद्दल आदर आहे, पण मी वेगळं सांगणार. मी गेली सहा वर्षं डिझेल घातलेली सीजे वापरतोय. प्यूजोचं २११२ सीसी एक्सडीपी इंजिन. अॅव्हरेज पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट, आणि बिघाड झाला तर घोटी-इगतपुरीकडचा छोटा गॅरेजवालाही दुरुस्त करतो, कारण त्याचं आयुष्य काळी-पिवळी जीपवर गेलेलं असतं. जीप हे कामाचं जनावर आहे. खुद्द महिंद्रानंच पेट्रोल जीपमध्ये आधी ट्रॅक्टरच्या वंशातलं इंटरनॅशनलचं डिझेल आणि मग प्यूजोचं डिझेल घातलं. कंपनीनं केलं ते चालतं आणि आपण केलं की पाप, हे मला पटत नाही.

तेरा_चौदाचा_पाना

रानवाट, कंपनीनं इंजिन बदललं तेव्हा माउंटिंग, क्लच, रेडिएटर, पुढचे स्प्रिंगचे पाटे, सगळं त्या वजनाला आणि त्या इंजिनाला जुळवून घेतलं. सव्वादोन लाखांतला मिस्त्री काय करतो? चासीला पट्ट्या वेल्डिंग करतो आणि जुनंच रेडिएटर ठेवतो. शिवाय सीजे-३बीचा डिफ्रन्शियलचा रेशो ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या. तुमचं डिझेल त्या रेशोवर ६० च्या पुढे किंचाळत असेल. खरं सांगा.

रानवाट

किंचाळतं :) म्हणून मी ५५ नंच जातो. पण माझं काम माहितीच्या माणसानं केलंय, पाट्यांची एकेक पात वाढवलीय, रेडिएटरही बदललाय. आरटीओची परवानगी काढून आरसी बुकात इंजिन नंबर बदलून घेतलाय. तेवढं मात्र कुणीही टाळू नये.

कागद_आधी

आता मूळ मुद्द्यावर येतो. पान्याला हात लावण्याआधी कागद. आरसी बुक कुणाच्या नावावर आहे? शेवटची नोंदणी कधीपर्यंत होती? नंबर कुठला आहे, एमएच-१५ का त्याआधीचा?

द्राक्षवेल

आजोबांच्याच नावावर असणार. बुक अजून सापडलेलं नाही. नंबर एमएच-१५ च्या आधीचा, पत्र्यावर हातानं रंगवलेला.

कागद_आधी

मग तुमच्यासमोर दोन वाटा आहेत आणि त्या एकत्र येत नाहीत. सावकाश वाचा.

जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तुमची १९७२ ची आहे, म्हणजे वयानं बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. नवा नंबर मिळाला तर त्यात 'व्हीए' ही अक्षरं असतात. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो. पण अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. पावसात हरसूलला भटकायला नाही.

दुसरी वाट साधी नोंदणी नव्यानं करून घेण्याची. १५ वर्षं उलटलेल्या खाजगी गाडीची दर ५ वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर, विमा. यात तुम्ही कुठेही फिरू शकता. तपासणीला गाडी सुस्थितीत न्यावी लागते.

आता मिस्त्रीचं डिझेल या चित्रात ठेवून बघा. ते बसवलं की व्हिंटेजची वाट बंद. दुसऱ्या वाटेवरही इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी चालत नाही. मोठे टायर, उंच केलेले पाटे, पुढे लोखंडी बंपर, हे सगळं तपासणीला आडवं येतं.

आणि या दोन्हींच्या आधी नाव बदलावं लागेल. मालक मयत असल्यानं नमुना ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती. किती वारस आहेत?

द्राक्षवेल

वडील आणि दोन आत्या. थोरली आत्या येवल्याला, धाकटी पुण्याला.

कागद_आधी

दोघींची प्रतिज्ञापत्रं लागतील. आजच फोन करा. जुनं रेकॉर्ड ऑनलाइन नसेल तर पेठ रोडच्या आरटीओत बॅकलॉग एंट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवण्यासाठी, अर्ज करावा लागेल, तिथे मूळ बुक असलं तर काम फार सोपं होतं. ट्रंका शोधा, देव्हाऱ्यामागे शोधा, जुन्या सोसायटीच्या पासबुकात शोधा.

शेवटचा_घाट

कागदसाहेबांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन, कारण मी भोगलंय. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातून एक जीप घेतली. रंग नवा, सीट नवी, आवाज गोड. फायरवॉलवरच्या (इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावरच्या) पाटीवरचा चासी नंबर आणि आरसीवरचा नंबर एकच, म्हणून पैसे दिले. नाव बदलताना चासीच्या दांड्यावरचा नंबर पेन्सिलनं कागदावर उतरवायला घेतला तर तिथे वेगळाच नंबर, आणि त्यावर ग्राइंडर मारल्याच्या खुणा. पाटी दुसऱ्या जीपची होती, चार रिव्हेट काढून लावलेली. विकणाऱ्याचा फोन बंद. गाडी आजही अंगणात आहे, मी ती रस्त्यावर आणू शकत नाही, आणि दुसऱ्याला विकून त्याला या खड्ड्यात ढकलणार नाही. मुलगा विचारतो बाबा जीप कधी चालणार, तेव्हा उत्तर सुचत नाही.

सिन्नरची एमएम ५४० बघायला जाल तेव्हा घासकागद, रॉकेलचा बोळा आणि टॉर्च घेऊन जा. चासीवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, मग बाकीचं.

सातपूरकर

घाटभाऊ, वाईट वाटलं वाचून. चासी नंबरच्या बाबतीत फॉरेन्सिककडून मूळ आकडा काढता येतो असं ऐकून आहे. वकिलाशी बोलून बघा, सोडून देऊ नका.

निफाडची_माहेरवाशीण

विषय तांत्रिक आहे, पण राहवलं नाही. आमच्या लहानपणी निफाड ते पिंपळगाव काळी-पिवळी जीपनंच जायचो. पुढे ड्रायव्हरसकट चौघं, ड्रायव्हर अर्धा बाहेर आणि गिअरचा दांडा कुणाच्या तरी गुडघ्यांमध्ये. लग्न, दवाखाना, लासलगावचा कांद्याचा लिलाव, दहावीची परीक्षा, सगळं त्या जीपमधून झालं. माझा दहावीचा गणिताचा पेपर एका जीपवाल्या काकांमुळे चुकला नाही. टायर पंक्चर झाला तर त्यांनी आम्हा मुलींना समोरून येणाऱ्या जीपमध्ये बसवून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. त्या जीपा कुठे गेल्या सगळ्या? द्राक्षवेल, तुझी जीप विकू नकोस गं.

मिसळ_आणि_मायलेज

+१. माहेरवाशीण ताई, पुढे चौघं म्हणजे सुट्टीचा दिवस असेल. आम्ही पाच मोजलेत, त्यात एक कोंबड्याची पाटी धरलेले आजोबा.

तोफखाना

मी तोफखान्यातून निवृत्त, मुक्काम देवळाली कॅम्प. जीपवर आरसीएल (रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणारी) तोफ बसवलेली आम्ही वापरली आहे. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये खेमकरण भागात कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी अशाच जीपवरच्या १०६ मिलिमीटरच्या तोफेनं पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले आणि तिथेच देह ठेवला. परमवीर चक्र. जीपला खेळणं समजणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. तिची उंची कमी, ती उसाच्या फडात लपते, काच पुढे बॉनेटवर पाडली की आणखी लपते. त्या काचेला नुसत्या बिजागऱ्या नाहीत, त्यामागे हा विचार आहे.

सैन्याच्या लिलावातून गाडी घ्यावी का, हे कुणी विचारेलच म्हणून सांगून ठेवतो. जोंगा, ही सैन्याची मोठी जीप, दिसायला राजबिंडी. जबलपूरच्या वाहन कारखान्यात निस्सानच्या परवान्यानं बनायची, सहा सिलिंडर, ३९५६ सीसी पेट्रोल. पण तिचं पोट भरणं सामान्य घराला परवडत नाही. लिलावाची विक्रीची मूळ कागदपत्रं हातात असल्याशिवाय घेऊ नका. मधल्या माणसाची झेरॉक्स काही कामाची नाही.

मिसळ_आणि_मायलेज

तोफखाना काका, सलाम. रविवारी कॅम्पातून आलात तर मिसळ माझ्याकडून.

नवशिक्या_जिप्सीवाला

माझा प्रश्न. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या इंजिनाला ते चालतं का? माझी जिप्सी २००४ ची आहे, ताईंची तर त्याहून ३२ वर्षं मोठी.

तेरा_चौदाचा_पाना

चांगला प्रश्न. इंजिनाच्या लोखंडाला फारसा धोका नाही, रबराला आहे. सीजेचा पेट्रोल पंप इंजिनाला लागून असतो आणि त्यात पडदा असतो. जुना पडदा आणि जुन्या नळ्या इथेनॉलनं फुगतात, मऊ होतात, मग तडकतात. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या व्हायटनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) घ्या, पंपाचा किट नव्या रबराचा घ्या. इथेनॉल ओल ओढून घेतं, त्यामुळे दोन-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साठतं आणि गंज चढतो. सीजेची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. ती पूर्ण उतरवून आतून साफ केल्याशिवाय एक थेंब पेट्रोल टाकू नका. १८ वर्षांच्या जुन्या पेट्रोलची चिकट वार्निश झालेली असेल, वासानंच कळेल.

पैसे कुठे घालायचे तेही सांगून ठेवतो. रंगात शेवटी. आधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम आणि एकच सर्किट, म्हणजे एक सिलिंडर गळाला तर पेडल थेट फळीला टेकतं. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे चारही सिलिंडर नवे, लोखंडी नळ्या नव्या, जुन्यातलं काही वाचवायचं नाही. हँडब्रेक चाकाला नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या तोंडाला आहे. मागचा शाफ्ट किंवा त्याचा क्रॉस (सांधा) ढिला असला की हँडब्रेकचा भरवसा संपतो, उतारावर दगड लावल्याशिवाय उतरू नका. टायर ६.००-१६. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला हाच आकडा लिहिलेला असतो आणि मळ्यात तो टायर पडलेलाही असतो. तो जीपला लावू नका, तो रस्त्यावरच्या वेगासाठी बनलेला नाही.

पत्र्याला लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करणारे पुष्कळ भेटतील. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणारा माणूस शोधा. अंबडला सँड ब्लास्टिंग होतं, पण फक्त चासीला. बॉडीच्या पत्र्याला पूर्ण दाबानं मारलं तर तो पापडासारखा वाकतो.

रानवाट

आणि फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) डांबरी रस्त्यावर लावू नका ताई. पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, चिखलात ती घसरून जुळवून घेतात, डांबरावर तो ताण शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो आणि दांडा निघता निघत नाही. नव्या माणसाला वाटतं गिअरबॉक्स गेला. थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो.

कागदसाहेबांचं वाचल्यावर माझं मत बदललं, तेही सांगतो. तुमचं इंजिन मूळचं आहे, नंबर जुळत असतील, कुटुंब एकच. अशी जीप आता सहजी मिळत नाही. तिच्यात डिझेल घालू नका. मी घातलं तेव्हा माझ्या जीपमध्ये इंजिनच नव्हतं, नुसता सांगाडा घेतला होता. तुमची गोष्ट वेगळी.

कागद_आधी

रानवाट, मनापासून धन्यवाद. मूळ रूपात दुरुस्त करा आणि साधी नोंदणी घ्या, असं मीही सुचवेन. पुढे कधी वाटलं तर व्हिंटेजचा दरवाजा उघडा राहतो.

सातपूरकर

वाचनखूण साठवली. ताई कुठे गेल्या पण?

द्राक्षवेल

दोन महिने गायब होते, क्षमस्व. छाटणी, ऑफिस आणि जीप, तिन्ही एकदम.

आरसी बुक सापडलं! थोरल्या आत्याकडे, येवल्यात. आजोबांनी तिच्या लग्नात हमीला काही कागद ठेवले होते, त्यातच राहून गेलं होतं. बुकातला चासी नंबर घेऊन मळ्यावर गेले, घासकागदानं दांड्यावरचा गंज काढला आणि आकडे एकेक करून उघडे झाले. जुळले. इंजिनाचाही जुळला. घाटभाऊ, त्या क्षणी तुमचीच आठवण आली. तुम्ही लिहिलं नसतं तर मी फक्त पाटी बघितली असती.

दोन्ही आत्यांनी प्रतिज्ञापत्रं दिली. धाकटी पुण्याहून त्यासाठी मुद्दाम आली आणि पहिले दोन तास नुसती जीपमध्ये बसून होती. तिची पाठवणी याच जीपमधून झाली होती, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

इंजिनात काकांनी सांगितलं तसं ऑइल-डिझेल भरलं. दहा दिवस काही नाही. बाराव्या दिवशी हँडलला वडील होते. हो, तेच, भंगारात दे म्हणणारे. मी शेडमधून पाणी आणायला गेले आणि मागून त्यांचा आवाज आला, "हललं!" सूतभर. आता पूर्ण फेरा होतो. हेड उतरवलंय, दुसऱ्या सिलिंडरला गंजाचा डाग आहे, चारही सिलिंडर बोअर करून घेणार. सिन्नरच्या गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. मिस्त्रीलाही डिझेल नको म्हणून सांगितलं, तो रागावला नाही. ब्रेकचं काम त्यालाच देतेय.

एक अडचण. काच पाडून ठेवायचा डाव्या बाजूचा क्लॅम्प तुटलेला आहे. नवा मिळतो तो नीट बसत नाही. कुणाकडे जुना आहे का?

शेवटचा_घाट

माझ्या अंगणातल्या गाडीला आहे, दोन्ही बाजूंचे, मूळचे. रविवारी घेऊन येतो. मुलालाही आणतो, त्याला चालणारं इंजिन बघायचंय.

द्राक्षवेल

या. इंजिन तोवर चालू नसेल, पण हँडल त्याच्या हातात देऊ. अंगठा कुठे ठेवायचा ते वडील दाखवतील.